पहिली ओळ आणि सातवं कलम

हलीमाबीनं छत्री मिटली नाही, तेव्हा मी तिच्या मागे चार पावलांवर होतो आणि माझी छत्री मिटलेली होती.

"ए बाई, छत्री!" नगारखान्याच्या सावलीतून भुजबा हवालदार ओरडला.

"दिसतीया मला," हलीमाबी म्हणाली आणि चालत राहिली.

कुसुंबगड संस्थानात तेवीस गावं, एक हायस्कूल, एक मोटार आणि एक रिवाज होता. मोटार बहुतेक बंद असे, रिवाज मात्र बारा महिने चालू. राजवाड्याच्या भिंतीचा कोपरा आला की प्रत्येकानं छत्री मिटायची आणि नगारखाना ओलांडल्यावरच पुन्हा उघडायची. मधलं अंतर दोन फर्लांग. बाजाराला जायला दुसरा रस्ता नव्हता. एका राज्यात दोन छत्रं उघडी नसावीत, असं म्हणे कुणा पूर्वजानं ठरवलं होतं. त्याच्या काळी लोकांकडे छत्र्या नव्हत्याच, त्यामुळे त्याला ते सोपं गेलं असावं.

१९३९ सालचा तो चैत्र होता. दुपारचे बारा वाजत होते. हलीमाबी तांबोळीण विड्याची पानं विकायची. टोपली तिच्या कमरेवर होती आणि छत्री टोपलीवर धरलेली. तिचं स्वतःचं डोकं उन्हातच होतं.

भुजबा आडवा आला. "रिवाज ठावं न्हाई व्हय?"

"ठावं हाय की. पर छत्री माज्यावर कुटं हाय? पानांवर हाय. रिवाज मानसांचा का पानांचा?"

भुजबानं वीस वर्षांच्या नोकरीत असला प्रश्न ऐकला नव्हता. त्यानं छत्रीकडे पाहिलं, पानांकडे पाहिलं, मग आशेनं माझ्याकडे पाहिलं. मी हायस्कुलात इतिहास शिकवायचो, मला ठाऊक असेल असं त्याला वाटलं. मी घड्याळाकडे पाहिलं. मग भुजबानं ज्याला उत्तर देता येत नाही त्याचं जे करायची पद्धत होती तेच केलं. तिला धरून आत नेलं.

मी पुढे गेलो. मला उशीर होत होता. दिवाणसाहेबांच्या कचेरीत मला प्रजेचे हक्क लिहायला बोलावलं होतं.

हक्कांची ही उबळ आमच्या तात्यासाहेब महाराजांना एका फोटोवरून आली होती. शेजारच्या एका संस्थानिकानं प्रजेला राज्यघटना दिली आणि त्याचा फोटो पुण्याच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर झळकला. आमच्या महाराजांचा फोटो एकदाच छापून आला होता, तोही घोड्यावरून पडल्याच्या बातमीत. त्यांनी दिवाणांना हुकूम सोडला, "अक्षय्य तृतीयेला आपलीही घटना झाली पाहिजे. त्यांच्यापेक्षा जाड."

दिवाण रावबहादूर खासनीस हुशार माणूस. सारा, फौजदारी, हत्तीचा चारा, सगळं त्यांना येत होतं. हक्क तेवढे येत नव्हते. संस्थानात जाड इंग्रजी पुस्तकं माझ्याकडेच होती म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. माझं वय सत्तावीस, नाव नीळकंठ आगाशे, आणि मला वाटत होतं की ग्रीस, इंग्लंड, फ्रान्स असं फिरत फिरत स्वातंत्र्य शेवटी माझ्याच टेबलावर येऊन बसलं आहे.

राजवाड्याच्या अपमानाचा खटला कुठल्याच कोर्टात चालत नसे. त्याचा निकाल खुद्द महाराज द्यायचे, आणि तोवर आरोपी 'हुजूर हुकूम होईपर्यंत' आत. महाराजांना मात्र सवड नव्हती. हातात घटनेची गुंडाळी घेऊन ते रोज सकाळी तीन तास चित्रकारापुढे उभे राहत. गुंडाळीत तेव्हा गेल्या वर्षीचं पंचांग होतं.

पाच दिवसांनी हलीमाबीची मुलगी जैतून माझ्या दारात आली. अक्षय्य तृतीयेनंतर चौथ्या दिवशी तिचं लग्न ठरलं होतं. वडील नव्हते.

"मुलाकडची मानसं म्हनत्यात, नवरीची आई तुरुंगात आसंल तर वऱ्हाड येनार न्हाई," ती म्हणाली. "तुमी कायदा लिवताय म्हनं. आईला सोडवायचा एक लिवा की त्यात."

इतकी स्वच्छ सूचना मला एकाही ग्रंथात सापडली नव्हती. मी त्याच दिवशी तुरुंगात गेलो.

तुरुंगात एकूण चार कैदी होते, तीन शेळीचोर आणि हलीमाबी. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. बाहेर भुजबा तिचीच जप्त केलेली पानं खात बसला होता.

"पुराव्याचं पान खातोस?" मी म्हणालो.

"वाळून जानार न्हाईतर," तो म्हणाला. "बाईच म्हनली, खा."

हलीमाबी गजाआडून म्हणाली, "माल वाया गेलेला बगवत न्हाई मला. मास्तर, माजी जैतून आलती का तुमच्याकडं?"

मी तिला सगळं सांगितलं. सातवं कलम मी तयारच करून नेलं होतं. गुन्हा सांगितल्याशिवाय आणि न्यायाधीशापुढे उभं केल्याशिवाय कोणालाही अडकवून ठेवता येणार नाही. हा नियम लहानथोर सर्वांना सारखा. ते मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. खरं म्हणजे तिला धीर देण्यापेक्षा माझं मलाच ते ऐकायला आवडत होतं.

"ब्येस हाय," ती म्हणाली. "पर राजानं हे का ऐकायचं?"

मला हेच हवं होतं. मी व्याख्यान सुरू केलं. फार पूर्वी माणसं रानोमाळ राहत होती, प्रत्येकजण आपल्या मर्जीचा. मग सगळ्यांनी मिळून एक करार केला, की आम्ही तुझं ऐकू, तू आमचं रक्षण कर. त्यातून राज्य झालं.

"करार?" हलीमाबी म्हणाली. "आंगठा कुनी दिला त्येच्यावर?"

"तसं नाही. प्रत्यक्ष कोणी दिला नाही. दिला असं समजायचं."

"समजायचं? माज्या सासऱ्याचं परडं आसंच समजून घेतलं शेजाऱ्यानं."

भुजबा ठसकला. मी करार सोडला आणि इंग्लंडला गेलो. "सातशे वर्षांपूर्वी तिथं एक राजा होता. मनाला येईल त्याला आत टाकायचा. शेवटी सरदारांनी त्याला नदीकाठच्या एका कुरणात गाठलं आणि असंच कलम लिहून त्यावर त्याची मोहोर घेतली."

ती एकदम सरळ बसली. "म्हंजे राजानं दिलं न्हाई. त्येच्याकडनं घेतलं."

"तसं म्हण हवं तर."

"आन आपला राजा?"

"आपले महाराज स्वतः होऊन देतायत. तोच तर आपला मोठेपणा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. वर्गात मी ढ पोरांकडे असाच पाहायचो. "आन त्या नदीवरच्या राजानं मागनं परत न्हाई घेतलं?"

एवढ्यात भुजबा उठला. "मास्तर, वेळ झाली." माझं उत्तर तसंच राहून गेलं.

अक्षय्य तृतीयेला दोन दिवस उरले असताना दिवाणांनी मला बोलावलं. माझा मसुदा त्यांच्यापुढे होता. पहिल्या ओळीखाली लाल रेघ.

"हे काय लिहिलंय, आगाशे? 'प्रजेचे हक्क प्रजेच्या जन्माबरोबरच आलेले असून दरबार ते मान्य करीत आहे.' म्हणजे हे हक्क आधीपासून होते?"

"तत्त्वज्ञान तसंच सांगतं, साहेब."

"कुठं होते? मी अठरा वर्षं दिवाण आहे, मला एकदाही दिसले नाहीत." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहा. 'श्रीमंत महाराज कृपाळू होऊन आपल्या प्रजेस खालील हक्क बहाल करीत आहेत.'"

"साहेब, त्यानं सगळा अर्थ बदलतो."

"बदलायलाच हवा. नाहीतर महाराजांनी दिलं काय? कशाचा फोटो काढायचा?" मग त्यांनी पान उलटलं आणि सातव्या कलमावर बोट ठेवलं. "हे कलमही मला पसंत नाही. त्या तांबोळणीसाठी घातलंत ना? मी काही दूधखुळा नाही. पण असं करू. पहिली ओळ माझी, सातवं कलम तुमचं."

मी विचार केला. फार नाही केला. पहिली ओळ कोण वाचतं? एका बाजूला चार मोठे शब्द, दुसऱ्या बाजूला जैतूनचं लग्न. असा सौदा कोणीही करील, असं मी मनाला सांगितलं. मनानं ते लगेच ऐकलं, कारण नाही म्हटलं असतं तर माझी नोकरीही गेली असती. मी लेखणी उचलली आणि 'कृपाळू होऊन' माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. दिवाणांनी अक्षराची तारीफ केली. ती मला आवडली, हेही सांगून टाकतो.

समारंभाचा मुहूर्त जोशीबुवांनी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांचा काढला. स्वतः जोशीबुवा मंडपात बसणार होते. राजवाड्यापुढच्या मैदानात तेवीस गावांची प्रजा उभी केली होती, प्रत्येकाच्या काखेत मिटलेली छत्री. महाराजांवर मखमली छत्र. त्यांच्या उजवीकडे संस्थानावर देखरेख ठेवणारे इंग्रज एजंटसाहेब, आणि त्यांच्या पलीकडे मंडपाच्या कडेला मड्डमसाहेब. सणासुदीला कैद्यांना महाराजांच्या दर्शनाला आणायची पद्धत होती, म्हणून शेळीचोर आणि हलीमाबी एका बाजूला बसलेले. जैतून गर्दीत पुढे होती.

मी घटना वाचू लागलो. पहिली ओळ झाली तेव्हा भालदारांनी ललकारी दिली. पुढं रस्ते, शाळा, पंचायती. लोक घाम पुसत होते. हक्क इतक्या उन्हात मिळतात याची त्यांना कल्पना नसावी.

सूर्य सरकला आणि ऊन मड्डमसाहेबांच्या मांडीवर आलं. मी सातव्या कलमाच्या शेवटाला आलो होतो. "हा नियम लहानथोर सर्वांना..." एवढं मी म्हणतोय तोच मड्डमसाहेबांनी लेसची छोटी छत्री फटकन उघडली.

"छत्री मिटा!" भुजबा गरजला.

त्याचा काही इलाज नव्हता. वीस वर्षं उघडलेली छत्री दिसली की त्याच्या तोंडून ते आपोआप बाहेर पडायचं. नुसता ओरडून तो थांबला नाही, तर तरातरा मंडपात चढला आणि मड्डमसाहेबांच्या पुढ्यात उभा राहिला. मग आपण कुठं आलोय हे त्याच्या लक्षात आलं. आता मागं फिरावं की सलाम करावा हे न कळून तो तसाच उभा.

एजंटसाहेब उठले. त्यांना मराठी चांगलं येत होतं. "हा काय प्रकार आहे?"

"वेडा आहे तो, साहेब," दिवाण म्हणाले. "त्याला आत्ता हाकलतो."

"वेडा नाही," मी म्हणालो.

मी का बोललो हे लोक मला आजवर विचारतात. धैर्य वगैरे काही नव्हतं. मी मास्तर होतो. समोर कोणी चुकीचं उत्तर दिलं की मला राहवत नसे, एवढंच. "रिवाज आहे तसा. वाड्यासमोर छत्री उघडली की अटक. ती बाई त्याच रिवाजापायी बारा दिवस आत आहे, आणि चार दिवसांवर तिच्या मुलीचं लग्न आहे. आणि आत्ता वाचलेल्या कलमाप्रमाणे नियम सर्वांना सारखा. तेव्हा एक तर तिला सोडायला हवं, नाहीतर मड्डमसाहेबांना..." पुढचं मी गिळलं.

साहेबांनी विचारलं, "बारा दिवस? कोणत्या न्यायाधीशानं पाठवलं तिला?"

महाराजांनी दिवाणांकडे पाहिलं, दिवाणांनी माझ्याकडे. शेवटी महाराज हसले. हसणं त्यांना छान जमायचं.

"बाईला सोडून द्या. आमची कृपा म्हणून. मुलीचं लग्न आहे ना तिच्या? आमच्याकडून साडीचोळी पाठवा."

भुजबा धावत गेला आणि त्यानं हलीमाबीला मोकळं केलं. जैतून आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. माझेही डोळे भरून आले. काम झालं होतं. मी पुढचं कलम वाचायला घेतलं.

"थांबा, मास्तर," महाराज म्हणाले. "ते सातवं खोडा. फार कटकटीचं आहे."

"महाराज, ते जाहीर झालंय."

"मग? पहिल्या ओळीत काय वाचलंत? आम्ही कृपाळू होऊन दिलं. आता आम्ही कृपाळू नाही. परत घेतलं."

मी एजंटसाहेबांकडे पाहिलं. ते खाली बसले होते. कैदी सुटली, मड्डमसाहेबांची छत्री उघडी राहिली, साहेबांच्या लेखी प्रश्न मिटला होता. ते घड्याळ पाहत होते. मी खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं. खोडणार होतो मी. वाचणाऱ्यांनी याबद्दल शंका ठेवू नये.

"मास्तर!"

हलीमाबी गेली नव्हती. जैतून तिचा हात धरून ओढत होती, "आई, चल, सोडलंय आपल्याला." तिनं तो हात हलकेच बाजूला केला.

"त्या दिवशी गोष्ट आर्धीच ऱ्हायली, मास्तर. त्यो नदीवरचा राजा. त्येनं परत घेतलं का न्हाई?"

अख्खं मैदान माझ्याकडे बघत होतं. बाईला काय म्हणायचं आहे ते मला कळलं आणि मी पेनाचं टोपण शोधू लागलो. पण इतिहासाचा प्रश्न होता.

"घेतलं," मी म्हणालो. "दोन-अडीच महिन्यांतच रद्द करवून घेतलं."

"बघा!" महाराज खूश झाले. "इंग्लंडातसुद्धा!"

"मंग पुढं काय झालं त्येचं?" हलीमाबीनं विचारलं.

"पुढं लढाई झाली. राजा पळत होता. आणि पुढच्याच वर्षी..." मी थांबलो.

"काय पुढच्या वर्षी?" हे महाराजांनी विचारलं.

"मेला, महाराज."

"लढाईत?"

"नाही. हगवणीनं."

आधी तीन शेळीचोर हसले. मग पुढची रांग हसली, मग हसू मागं मागं गेलं आणि ज्यांना नीट ऐकूही आलं नव्हतं तेही शेजाऱ्याला विचारून हसले. कुसुंबगडच्या गादीपुढे असं कोणी कधी हसलं नव्हतं. भालदार हसले. जोशीबुवांनी पंचांग तोंडापुढे धरलं. महाराजांच्या पोटाची रड सगळ्या संस्थानाला माहीत होती. दोन वैद्य त्यासाठी पगारी ठेवले होते.

महाराज एजंटसाहेबांकडे वळले. आवाज बारीक झाला होता. "साहेब, खरं आहे का हे?"

"दुर्दैवानं खरं आहे, महाराज," साहेब म्हणाले. आपल्या देशाच्या इतिहासाविषयी ते गंभीर होते.

महाराज काही वेळ आपल्या पोटावर हात ठेवून बसले. समोर लोक अजून हसतच होते आणि कोणाला गप्प करावं हे ठरेना, कारण सगळेच हसत होते. कडक ऊन होतं. गर्दीत मागं कुठंतरी एक छत्री उघडली. मग दहा. मग मला मोजता येईनात. भुजबानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"राहू दे ते कलम," महाराज म्हणाले. "पुढं वाचा."

ते कलम संस्थान विलीन होईपर्यंत राहिलं. मी राहिलो नाही. आठ दिवसांत माझी बदली सरहद्दीवरच्या चवथीपर्यंतच्या शाळेत झाली आणि हगवणीचा उल्लेख माझ्या सेवापुस्तकात 'गैरशिस्त भाषण' असा नोंदला गेला. नंतर देश स्वतंत्र झाला, मोठी घटना आली, आणि गावातली मंडळी मला दर सव्वीस जानेवारीला झेंड्याजवळ खुर्ची देऊ लागली. कुसुंबगडात हक्क आणणारे आगाशे मास्तर. शाळेची पोरं मला फूल देतात. मी घेतो.

जैतूनच्या लग्नाला मी गेलो होतो. वऱ्हाड वेळेवर आलं. जेवणं झाल्यावर हलीमाबी विड्यांचं तबक घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. मला तिला एक विचारायचं होतं.

"तुला तर सोडलं होतं. मुलगी ओढत होती. पुन्हा आत टाकलं असतं तर हे लग्न मोडलं असतं. कशाला बोललीस?"

"भ्याले हुते की मी बी," ती म्हणाली. "पर मास्तर, त्येच्या मर्जीनं सुटले आसते तर त्येच्याच मर्जीनं पुन्यांदा धरली आसती. मला न्हाईतर जैतूनला. लगीन झालं म्हनून काय तिला या रस्त्यानं जायाचं न्हाई?" तिनं पानाला चुना लावला. "मला येकच कळंना. दिल्यालं परत घेता येतं, आसं लिवलं कुटं हुतं?"

"पहिल्याच ओळीत."

"कुनी लिवली ती वळ?"

सनई चालू होती. पलीकडे जैतून मैत्रिणींच्या घोळक्यात बसली होती, डोळे रडून लाल आणि तोंडभर हसू.

"दिवाणसाहेबांनी," मी म्हणालो.

"वाटलंच मला. तुमच्या हातनं आसलं व्हनार न्हाई." आणि तिनं विडा माझ्या हातात न देता, घरच्या माणसाला भरवावा तसा, स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातला.

मी तो खाल्ला.